अकरा वाजता मैदान मोकळं

बाई, आज सकाळी प्रार्थना संपल्यावर मी मुख्याध्यापकांच्या पुढ्यातला माईक स्वतःकडे ओढला, आणि तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आलेला आहे. संध्याकाळ झाली, चहा झाला, भाजी निवडून झाली, तरी गोळा तिथंच. तो माझ्या जुन्या ओळखीचा आहे. निवडणूक लागली, भोंगा बांधलेली पहिली रिक्षा गल्लीत शिरली, की येतो, आणि मतमोजणी होऊन लोकांच्या शर्टावरचा गुलाल धुतला जाईपर्यंत मुक्काम करतो. घरचे हसतात. म्हणतात, उमेदवार तिकडे निवांत झोपलेत आणि हिलाच ॲसिडिटी. हा गोळा पहिल्यांदा कुठे आणि कसा आला, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही होतात तेव्हा मी नववीत होते आणि तुमच्याशी बोलताना माझी मान खाली असायची. त्या हिवाळ्यातलं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण ते मैदानाच्या बाजूनं. आमच्या स्वयंपाकघरातून ते कसं दिसत होतं, हे तुम्हाला कोण सांगणार होतं?

बाबांचं दुकान महाल नावाच्या जुन्या वस्तीत आणि घर त्याच्या मागेच. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, लाउडस्पीकर. लग्नसराईत बाबा कमी दिसायचे आणि निवडणुकीत दिसायचेच नाहीत. त्या वर्षी मध्यावधी लागली, ऐन जानेवारीत. कांदा इतका महागला होता की आईनं एकदा कांद्याऐवजी कोबी चिरून झुणका केला आणि बाबांनी ताट सरकवलं. सरकारं भाषणांनी पडत नाहीत, अशा ताटांनी पडतात, असं त्यांचं मत होतं. राजकारणावर बाबांची मतं ठाम होती आणि ती सगळी मंचामागे बसून तयार झालेली. ॲम्प्लिफायरपाशी स्टूल टाकून त्यांनी सगळ्या पक्षांचे सगळे नेते ऐकले होते, आणि कोण काय बोलला यापेक्षा कोण माईकशी कसा वागला, हे त्यांच्या जास्त लक्षात राहायचं.

"जो माईकवर टकटक करते तो पडते," ते जेवताना आईला सांगायचे. "जो फुंकर मारते त्याचं डिपॉझिट जाते. अन् पहिल्यांदा उभा राहणारा असन त तो स्टँडच धरून ठेवते. मग स्पीकरातून खरखर येते. लोकाईले वाटते, कनेक्शन ढिलं हाय. माह्या दुकानातलं कनेक्शन कधी ढिलं राहत नाही वं! माणूस भेलेला राहते, त्याचे हात कापते."

"तुमी मत कोणाले देता ते त सांगा," आई तव्यावरची पोळी उलटत विचारायची.

"ज्याच्या सभेत माह्या खुर्च्या मोडत नाही त्याले."

पण त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदाच एक बाजू धरली. आपल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष ज्या उमेदवाराच्या मागे होते, त्याच्या सगळ्या सभा बाबांकडे आल्या. अध्यक्षसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून 'तुम्ही आपले माणूस' म्हटलं, आणि बाबांच्या शर्टावर पक्षाचा बिल्ला आला. मंचामागे बसणारा माणूस मंचाच्या पायरीपर्यंत पोचला होता. ते आरशात बिल्ला सरळ करायचे तेव्हा आई हसू दाबायची. मला मात्र ते आवडायचं. बाबा उंच झाल्यासारखे वाटायचे.

आणि तुम्ही. तुम्ही शाळेत येऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीकडच्या. आल्या आल्या खो-खोचा खांब उपटून बाजूला टाकलात आणि पोत्यात रेती भरून चार कोपऱ्यांत ठेवलीत. सॉफ्टबॉल म्हणजे काय ते आम्हाला कळेना, आमच्या घरच्यांना तर मुळीच नाही. क्रिकेटसारखं मारायचं, पण मग बॅट टाकून चारही पोत्यांना पाय लावत घरी यायचं. 'घरी' हा तुमचा शब्द. सलवार गुडघ्यावर फाटायची आणि आई ठिगळ लावता लावता तुमच्या नावानं बोटं मोडायची. तुम्ही मला बॉल टाकायला उभं केलंत, खालून हात फिरवून. का, ते विचारायची हिंमत नव्हती. एकदा सरावाच्या वेळी रस्त्यावरून प्रचाराची रिक्षा गेली. ती आमची होती, भोंगाही आमचाच. मी अभिमानानं मान वळवली आणि बॉल थेट पाण्याच्या टाकीवर. तुम्ही म्हणालात, "भोंग्याकडं पाहायचं असन त भोंग्यावर जाऊन बस." मग दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्या रिक्षावाल्याला मैदानाच्या कडेला उभं केलंत, भोंगा चालू ठेवून, आणि तो 'प्रचंड बहुमतांनी विजयी करा' ओरडत असताना माझ्याकडून बॉल टाकून घेतलेत, खांदा भरून येईपर्यंत.

तुमचीही मतं होतीच की. मंचामागे बसून नव्हे, शिक्षकांच्या खोलीत बसून मांडलेली. सभेला दोन तास उशिरा येणारा उमेदवार पाच वर्षांत कुठं पोचणार, असं तुम्ही डबा खाताना म्हणालात, आणि संध्याकाळपर्यंत ते तिखटमीठ लावून अध्यक्षसाहेबांपर्यंत पोचलं. हे मला कसं माहीत? बाबांनी सांगितलं. आईशी बोलताना म्हणाले, "हिच्या बाईले थोडं तोंड आवरा म्हणा. बाई अजून टेम्पररी हाय. कायम व्हायची ऑर्डर अध्यक्षांच्या टेबलावर पडून हाय, सहीसाठी. निवडणूक झाली का पाहू, म्हणून राहिले ते." मी ताटातला वरणभात कालवत बसले. तुमची नोकरी एका सहीवर लटकलेली आहे, हे त्या दिवसापासून मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला नव्हतं. वर्गात तुम्ही कुणाला रागावलात की मला वाटायचं, बाई, हळू.

विभागीय सामने त्या वर्षी आपल्याच मैदानावर आले. शाळा तेव्हा गावाच्या टोकाला, मानेवाड्याकडे. कंपाउंडच्या पलीकडे थेट बेसा गावापर्यंत शेतं. मैदान मोठं आणि वरून तारा गेलेल्या नाहीत, म्हणून खेळाला चांगलं, आणि म्हणूनच हेलिकॉप्टरलाही. आम्ही अंतिम फेरीत पोचलो त्याच दिवशी बाबा घरी बातमी घेऊन आले की दिल्लीहून मोठे नेते येणार आहेत, हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरणार आहे, आणि मैदानाची सगळी जबाबदारी अध्यक्षसाहेबांनी बाबांवर टाकली आहे. तारीख तीच. आमच्या अंतिम सामन्याची.

तुम्ही त्या संध्याकाळी आमच्या घरी आलात. सायकल दुकानासमोर लावून, खुर्च्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत सरळ स्वयंपाकघरात. आईची धांदल उडाली. तिनं पाट दिला, तुम्ही त्यावर न बसता उंबऱ्याला टेकून उभ्या राहिलात. मी चुलीपाशी कांद्याची पात निवडत होते आणि माझे कान तुम्ही आणि भिंतीला टेकून बसलेले बाबा यांच्या मध्ये अडकले होते.

"भाऊ, सामना सकाळी आठला आहे. हेलिकॉप्टर बाराला. दोन्ही होऊ शकते."

"किती येळ लागते तुमच्या खेळाले?"

"सात इनिंगचा असते. साधारण दीड-दोन तास."

"मंग काय! दहाले खतम. पाणी माराले अन् चुना टाकाले मले अकरापासून मैदान लागते. अकराले मोकळं, पक्कं?"

"बरोबरी झाली तर पुढं चालते, भाऊ. तेवढं ध्यानात ठेवा."

"हो हो. कबड्डीत पण देतात न पाच-पाच मिनिटं."

"तसं नाही. याच्यात घड्याळ नसते. कोणी एक जिंकेपर्यंत चालते. बरोबरीत सुटतच नाही हा खेळ."

"जिंकनच न कोणीतरी, बाई! पोरीच हायेत त्या. कितीक येळ दम धरतीन?"

तुम्ही काहीतरी बोलणार होतात, पण आईनं चहा पुढे केला. बाबांच्या धंद्यात सगळ्याला वेळ असायचा. वरात उशिरा आली तरी पंगत कधी बसणार ते ठरलेलं, आणि मंडप कधी सोडायचा तेही. संपायची वेळच नसलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात बसणं शक्य नव्हतं. तुम्ही गेल्यावर ते लगेच चप्पल घालून अध्यक्षसाहेबांकडे गेले आणि शब्द देऊन आले. अकरा वाजता मैदान मोकळं. तोपर्यंत माझी पात निवडून झाली होती आणि पोटात पहिल्यांदा तो गोळा आला होता. मला एकटीला दोन्हीकडचं ठाऊक होतं. बाबांचा शब्द काय आहे ते, आणि खेळ काय आहे ते.

सामन्याच्या दिवशी धुकं आहे. थंडीनं बोटं आखडलेली. समोर अमरावतीचा संघ, तुमच्याच गावाकडच्या मुली, उंच आणि निबर. आम्ही आठ वाजता रांगेत उभ्या, कारण अध्यक्षसाहेब नाणेफेक करणार, फोटो काढणार. ते येत नाहीत. आम्ही धावून अंग गरम करतो, पुन्हा गार होतो. ते साडेनऊला आले. ज्यांना अकराला मैदान हवं होतं, त्यांनीच सामना दीड तास उशिरा सुरू केला, आणि हे बोलायची कुणाची छाती नव्हती. तुम्ही फक्त घड्याळाकडे पाहिलंत आणि मग बाबांकडे. बाबांनी नजर चुकवली. टॉस हरलो आणि आमच्या वाट्याला पहिली बॅटिंग आली, म्हणजे शेवटची पाळी अमरावतीची.

सात इनिंग झाल्या आणि दोन्हीकडे दोन-दोन धावा. अकरा वाजून गेले होते. बाबा कंपाउंडपाशी पोलिसांच्या एका साहेबाला समजावताना दिसत होते, आता होतेच, आता होतेच. आठवी इनिंग गेली, कोणी घरी आलं नाही. मग टँकर आला. बाबांनी त्याला थांबवायला हात केला, पण टँकर सरकारी होता, तो बाबांचं कशाला ऐकतो? त्यानं मैदानाच्या लांबच्या टोकाला धूळ बसवायला पाणी मारायला सुरुवात केली. त्याच्यामागून दोन माणसं चुन्याची घमेली घेऊन आली आणि आमच्या मधल्या क्षेत्ररक्षक मुलीच्या भोवती मोठं वर्तुळ काढू लागली. ती हलेना. "ताई, पाय उचला," त्यातला एक म्हणाला, आणि तिनं पाय उचलून पुन्हा तिथंच ठेवला. अंपायरनं त्यांना हाकललं, ते चार पावलं मागे गेले आणि उभे राहिले. लोक जमायला लागले होते. नेत्याला पाहायला कमी, हेलिकॉप्टर पाहायला जास्त. इतकी माणसं आमच्या खेळाला कधीच जमली नव्हती आणि त्यातल्या प्रत्येकाला तो लवकर संपायला हवा होता.

नवव्या इनिंगला त्यांची एक मुलगी तिसऱ्या पोत्यावर पोचली. आता ती घरी आली की खेळ खलास. मी बॉल हातात घेऊन उभी आहे. तिसऱ्या पोत्याच्या मागे, चुन्याच्या रेषेबाहेर बाबा. त्यांच्या मागे अध्यक्षसाहेबांची जीप, दार उघडं, एक पाय बाहेर. बाबांनी मनगटावर बोट आपटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. धंद्यापायी बाबा सगळ्यांना हात जोडायचे, वधूपित्याला, नेत्याला, पोलिसाला. मला त्यांनी कधी जोडले नव्हते. माझ्या डोक्यात एकच विचार शिरला. बॅटरच्या मागे बॉल धरायला बसलेल्या आमच्या कॅचरच्या डोक्यावरून एक बॉल, की ती मुलगी घरी. फक्त एक. सांगायचं, गारठ्यात बोटं आखडली, सुटला हातून. बाबांचा शब्द राहील. मैदान मोकळं होईल, अध्यक्ष खूश होतील, तुमच्या कागदावर सही होईल. सगळ्यांचं भलं, आणि मी फक्त हरायचं. मी हात वर करून वेळ मागितली.

तुम्ही चालत आलात. धावत नाही.

"काय झालं?"

"बाई, बाबा तिथं..."

"दिसले मले."

"बाई, तुमची ऑर्डर..."

तुमचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा असा उघडा पाहिला. मला हे माहीत असेल, असं तुम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग तुम्ही माझ्या हातातला बॉल घेतलात, तुमच्या ओढणीला पुसलात आणि परत दिलात.

"तुझे बाबा, अध्यक्ष, माही ऑर्डर, हे आम्ही मोठी माणसं पाहून घेऊ. ते तुह्या हातात नाही. तुह्या हातात बॉल आहे. तू फक्त बॅटरकडं पाह्य."

मी बॅटरकडे पाहिलं. पहिला बॉल तिला चुकला. दुसरा बाहेर गेला. तिसरा मी टाकला तो त्या दिवसाचा माझा सगळ्यात चांगला बॉल होता. आजही सांगते, तसा बॉल मी पुन्हा क्वचितच टाकला असेन. त्या मुलीनं तो तितकाच चांगला मारला, खाली, सरळ, चुन्याच्या वर्तुळाकडे. आमची मुलगी धावली आणि टँकरनं केलेल्या चिखलात तिचा पाय सरकला. बॉल तिच्यापासून हातभर अंतरावर चिखलात रुतून बसला. तिसऱ्या पोत्यावरची मुलगी घरी आली.

मी मान वर करते तोवर बाबा धावत आलेले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आमच्या सगळ्या मुलींसमोर, मोठ्यानं. "शाब्बास वं पोरी! बापाची लाज राखली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या कॅचरनं तोंडावरची जाळी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूनं निघून गेली. मग दुसरी गेली. मला ओरडून सांगायचं होतं, पण बाबांच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे काय सांगू? तुम्ही पोती उचलत होतात. मी तुमच्यापाशी आले आणि म्हटलं, "बाई, मी मुद्दाम नाही टाकला." तुम्ही म्हणालात, "माहीत आहे. मी बॉलच पाहत होते." हेलिकॉप्टर दोन वाजता आलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेना. कॅचर माझी जिवलग मैत्रीण, ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. तुम्ही तिला समजावलंत, पण तिनं स्वतःच्या कानांनी बाबांना ऐकलं होतं. घरात बाबा मला जिलेबी आणून द्यायचे आणि ती मी तशीच कागदात गुंडाळून ठेवायचे. मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी अध्यक्षसाहेब प्रार्थनेला आले. माईक बाबांनीच लावला होता. ते पटांगणाच्या कडेला स्टुलावर, हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर. अध्यक्ष म्हणाले की आपल्या शाळेच्या मुलींनी आणि बाईंनी समजूतदारपणा दाखवला, खेळापेक्षा देशकार्य मोठं मानलं, आणि मैदान मोकळं करून दिलं. म्हणाले, अशा शिक्षिकेचा संस्था योग्य तो विचार करील. टाळ्या झाल्या. मुलींनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. बाई, मी मनात देवाला म्हटलं, बरं झालं, निदान बाईंच्या कागदावर सही तरी होईल.

आणि तुम्ही रांगेतून निघून माईकपाशी गेलात. स्टँड दोन्ही हातांनी धरलात.

"साहेब, एक दुरुस्ती करते. आम्ही मैदान मोकळं करून दिलेलं नाही. आम्ही हरलो. शेवटचा बॉल चांगला होता, अमरावतीच्या मुलीनं तो चांगला मारला, आणि मैदानात पाणी मारलं नसतं तर आमच्या मुलीनं तो अडवला असता. माझ्या मुलींपैकी कुणीही कुणासाठीही सामना सोडलेला नाही. हे सगळ्यांच्या कानावर जावं, म्हणून माईकवर सांगते आहे."

तुमच्या आवाजामागे स्पीकरमधून खरखर येत होती, एकसारखी, मक्याचे दाणे सुपात हलवावेत तशी. अध्यक्षांनी बाबांकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, बंद करा. मी बाबांकडे पाहिलं. बिल्ला छातीवर, बोटं बटणावर. एक पिळा दिला असता तर तुमचं अर्धं बोलणं पहिल्या दोन रांगांच्या पुढे गेलं नसतं. बाबा समोर झाडाकडे पाहत बसून राहिले. तुमचं शेवटचं वाक्य संपून तुम्ही रांगेत परत जाईपर्यंत त्यांचं बोट हललं नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कॅचर येऊन माझ्या बाकावर बसली आणि माझ्या डब्यातला भाकरीचा तुकडा न विचारता उचलला.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "बाबा, तुमी बंद काहून नाही केलं?"

"कोणी बोलून राहिलं असन त मी माईक बंद करत नसतो," ते पाय धूत म्हणाले. "धंद्याचा नियम हाय."

"अन् ती खरखर काहून येत होती?"

त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. "कनेक्शन ढिलं होतं."

आईनं तव्यावरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मी नाही पाहिलं. मला ते खरं वाटलं, कारण माझ्यासाठी तुम्ही त्या दिवशी माणूस राहिला नव्हतात. तुम्हाला कशाची भीती वाटू शकते, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

तो उमेदवार निवडून आला. शाळेत पेढे वाटले. तुम्ही पेढा घेतलात, खाल्लात, आणि 'पेढा चांगला आहे' म्हणालात. विजयाच्या सभेचा मंडप दुसऱ्याला गेला आणि बाबांचा बिल्ला आईनं शिवणाच्या डब्यात टाकला. तुमच्या कागदावर सही झाली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तुम्ही मला तुमचा ग्लोव्ह दिलात, अंगठ्यापाशी चांभारानं जाड दोऱ्यानं शिवलेला, आणि सांगितलंत की खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत जाते आहे, तिथं पोती आहेत की नाहीत पाहते. मी नमस्कार केला. एवढंच. आभारही मानले नाहीत. पुढे मी तुमच्याच वाटेनं शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला अमरावतीला गेले. तिथं कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं की कावीळ होऊन तुम्ही गेलात. तुमचं वय तेव्हा किती होतं, ते मला आजही माहीत नाही. माझ्या आजच्या वयापेक्षा नक्कीच कमी.

आता आजचं. मी त्याच शाळेत आहे. बेसा आता गाव राहिलेलं नाही, कंपाउंडच्या पलीकडे सगळ्या इमारती. रिटायर व्हायला वर्ष राहिलं आहे. परवा विभागीय अंतिम सामना आपल्या मैदानावर, आणि परवाच एका मोठ्या नेत्याची सभा. सभेच्या गाड्या लावायला आपलं मैदान हवं आहे. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेत जाहीर केलं की सामना पुढे ढकलला आहे. त्याआधी मला खोलीत बोलावून म्हणाले होते, मॅडम, शेवटचं वर्ष आहे, पेन्शनचे कागद संस्थेकडूनच जातात, कशाला वाकड्यात शिरता? मी हो म्हणून बाहेर आले. खरंच हो म्हणाले, बाई. पण रांगेत माझी पिचर, बॉल टाकणारी मुलगी, उभी होती, तिचे वडील त्याच नेत्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, आणि ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

मी माईक ओढला आणि म्हटलं की सामना परवाच होईल, इथंच होईल, आठ वाजता, आणि संपेल तेव्हा संपेल. स्टँड मी दोन्ही हातांनी धरला होता, सोडला तर रांगेत परत जाईन या भीतीनं. आणि स्पीकरमधून खरखर यायला लागली. तीच, सुपात मका हलवल्यासारखी. संगीताचे सर मागून हळूच म्हणाले, "मॅडम, कनेक्शन ढिलं दिसतंय."

बाबांच्या दुकानातलं कनेक्शन कधी ढिलं नसायचं. हे त्यांनी जेवताना शंभरदा सांगितलं असेल, आणि त्या एका संध्याकाळी तेवढं मला उलटं सांगितलं. तुमचं गुपित त्यांनी माझ्यापासूनही राखलं. आता तेही नाहीत. परवा गाड्या आधी येतील की मुली, मला माहीत नाही. माझे कागद संस्था पुढे पाठवील की नाही, तेही नाही. हे पत्र घडी करून तुमच्या ग्लोव्हमध्ये ठेवते, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पोटातला गोळा अजून तिथंच आहे, बाई. फक्त त्या सकाळी तो तुमच्याही पोटात होता, हे मला आज कळलं.